दर डिसेंबरला हलवर फटी पडतात, लांबी भरली तरी परत येतात: कारण आणि उपाय

लाकडी किटमधून मॉडेल बोट बनवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खासकरून मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी. प्रॉब्लेम असा. हल, म्हणजे बोटीचं पोट, पट्ट्या लावून पूर्ण झालं, घासलं, रंग दिला, हात फिरवला तर एकदम गुळगुळीत, आणि चार-पाच महिन्यांनी एका सकाळी खिडकीच्या उजेडात बघता तर रंगावर लांबच लांब केसासारख्या रेघा, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पार मागपर्यंत. मग तुम्ही लांबी, म्हणजे फट बुजवायची पुट्टी, भरता, पॉलिश पेपर मारता, परत रंग देता. पावसाळ्यात नेमक्या त्याच रेघांच्या जागी बारीक उंचवटे हाताला लागतात. ते घासता. डिसेंबर आला की रेघा परत हजर.

माझ्याकडे हे तीन वर्षं चाललं. प्रत्येक वर्षी मला वाटायचं की लांबी नीट भरली नसेल, रंग पातळ झाला असेल, घासताना घाई झाली असेल. तसं नव्हतं. लांबी भरायची वेळच चुकत होती, आणि त्याच्याही आधी पट्ट्या चिकटवायची वेळ चुकली होती. हे कळल्यावर दुरुस्ती तशी साधी निघाली, म्हणून सगळं तपशिलात लिहितो, म्हणजे तुमची तीन वर्षं वाचतील.

बोट कुठली ते सांगतो, कारण आकडे तिचेच देणार आहे. ब्लूनोज. कॅनडातली दोन डोलकाठ्यांची मासेमारीची स्कूनर, नोव्हा स्कोशियात लुनेनबर्गला बांधली, २६ मार्च १९२१ ला पाण्यात उतरली. कॉड मासे पकडायची आणि शर्यतीही जिंकायची, तिकडे १९३७ पासून दहा सेंटच्या नाण्यावर तिचं चित्र आहे. माझा भाचा टोरंटोजवळ असतो, त्याने सुट्टीला येताना मामासाठी म्हणून हे किट आणलं. खरी बोट ४३.६ मीटर लांब होती, १:७५ स्केलला साधारण ५८ सेंटीमीटर होते. आत प्लायचा कणा, त्यावर प्लायची बल्कहेडं बरगड्यांसारखी उभी, आणि त्यांच्यावर बासवूड नावाच्या लाकडाच्या ५ मिमी रुंद, दीड मिमी जाड पट्ट्या. रंग वरून काळा, पाण्याखाली लाल. काळ्या रंगावर रेघ फार उठून दिसते हे वेगळं सांगायला नको.

मी जूनमध्ये सुरुवात केली. पावसाळ्यात शनिवार-रविवार घरीच असतो, हात मोकळे असतात, बहुतेक जणांचं असंच असेल. जुलै अख्खा पट्ट्या लावण्यात गेला. गणपतीच्या आधी हल पूर्ण, दिवाळीपर्यंत रंग. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली रेघ दिसली, डाव्या बाजूला, कडेपासून चौथ्या-पाचव्या पट्टीच्या मध्ये. जानेवारीत मोजल्या तर अकरा.

कारण मला कळलं आमच्याच बिल्डिंगमधल्या काकांमुळे. काका रिटायर्ड सुतार आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे, तरुणपणी होड्यांच्या दुरुस्तीचंही काम केलेलं. बाथरूमचं दार फुगलं होतं, लागत नव्हतं, ते रंधा मारून द्यायला आले होते. पण रंधा मारलाच नाही. म्हणाले, "आत्ता तासलंस तर दिवाळीनंतर फटीतून उजेड येईल. थांब दोन महिने, आपोआप लागेल." मग त्यांचं लक्ष शोकेसवरच्या बोटीकडे गेलं, उंचवट्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही पावसात जोडलीस काय?"

बस, एवढंच. मी दाराचं ऐकत होतो आणि डोळ्यासमोर बोट दिसत होती. दार पावसात फुगतं हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं, पण टेबलावरची दीड मिमीची पट्टी पण लाकूडच आहे आणि तीही तेच करणार हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काकांनी अजून एक सांगितलं की खऱ्या होडीचं पण हेच, बरेच दिवस कोरड्यात ओढून ठेवली की फळ्या आकसून सांधे उघडतात, परत पाण्यात गेली की लाकूड फुगून ते धरतात. फक्त आपली मॉडेलची बोट कधीच पाण्यात जात नाही, तिच्यासाठी पाणी म्हणजे खोलीतली हवा.

आता याचा हिशोब बघू, कारण आकडे बघितल्याशिवाय मला स्वतःला पटलं नव्हतं.

लाकूड हवेतून ओल घेतं आणि हवेला परत देतं. हवेत आर्द्रता ८४ टक्के असेल, जी माझ्या हॉलमध्ये जुलैत सहज असते, तर लाकडात स्वतःच्या सुक्या वजनाच्या साधारण १७ टक्के पाणी मुरतं. आर्द्रता ४८ टक्क्यांवर आली, जी माझ्याकडे जानेवारीत दुपारी येते आणि एसी लावलेल्या खोलीत तर बाराही महिने येऊ शकते, की तेच पाणी ९ टक्क्यांवर उतरतं. म्हणजे ८ टक्क्यांचा फरक. आता बासवूड पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत रुंदीत ९ टक्क्यांच्या आसपास आकसतं, पण हे आकसणं सुरू होतं पाणी ३० टक्क्यांच्या खाली आलं की, त्यामुळे पाण्याच्या दर एका टक्क्याला रुंदी साधारण ०.३ टक्के बदलते असं धरायचं. ८ गुणिले ०.३, म्हणजे जवळजवळ अडीच टक्के. ५ मिमीच्या पट्टीचे अडीच टक्के म्हणजे ०.१२ मिमी. झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे एका कागदापेक्षा थोडं जास्त. वाचायला काहीच वाटत नाही, पण माझ्या हलच्या मधल्या बल्कहेडवर एका बाजूला १८ पट्ट्या आहेत, त्यांचं मिळून दोन मिमीच्या वर जातं. १:७५ ला दोन मिमी म्हणजे खऱ्या बोटीवर १५ सेंटीमीटर!

पट्टीच्या लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळपास हलतच नाही, म्हणून रेघा कायम पट्टीच्या लांबीला समांतर पडतात, आडव्या नाही. आणि आतला प्लाय थर आडवे-उभे चिकटवलेला असल्याने तोही फारसा हलत नाही. म्हणजे आत न हलणारा सांगाडा, त्यावर श्वास घेतल्यासारखी हलणारी कातडी, आणि कातडी सांगाड्याला पक्की चिकटवलेली. ताण कुठेतरी निघणारच. कडेला कड नीट चिकटली नसेल तर प्रत्येक सांध्यात थोडी थोडी रेघ येते. कडा चिकटवल्या असतील तर सगळ्यांचा ताण मिळून सगळ्यात कच्च्या सांध्यावर येतो आणि तिथे एकच मोठी फट उघडते. माझी डावी बाजू दुसऱ्या प्रकारची, उजवी पहिल्या, कारण उजवी बाजू लावताना कडांना फेविकॉल कमी लावला होता.

आणि यात भर घालणारी सवय म्हणजे पट्ट्या भिजवणं. नाळेजवळ पट्टीला जोरात वळण द्यावं लागतं, म्हणून आपण ती अर्धा तास पाण्यात टाकतो, वाकवतो आणि तशीच ओली चिकटवतो. मी सगळ्या पट्ट्या अशाच लावल्या. ओल्या पट्टीत पाणी ३० टक्क्यांपर्यंत किंवा वर गेलेलं असतं, ती जानेवारीच्या ९ टक्क्यांपर्यंत आली की रुंदीत ६ टक्क्यांहून जास्त आकसते, म्हणजे ०.३ मिमी, तीन कागद. जुलैची हवा एक कागद आणि भिजवलेलं पाणी अजून दोन. यात पुणे-नागपूरवाल्यांनी पण लक्ष द्या. हवा कोरडी आहे म्हणून आपल्याला हा त्रास नाही असं समजू नका, ओली पट्टी चिकटवली तर कुठेही फट पडते, आणि विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की तिथे तर जास्तच.

मग लांबी भरून का थांबत नाही? कारण आपण लांबी भरतो ती फट सगळ्यात रुंद असताना, डिसेंबर-जानेवारीत. ती जागा आता भरलेली. जूनमध्ये पट्ट्या फुगायला लागल्या की त्यांना जायला जागाच नाही, त्या लांबीला दोन्हीकडून दाबतात, लांबी वर येते, तोच तो उंचवटा. आपण तो घासून सपाट करतो, म्हणजे लांबीचा वरचा भाग गेला आणि दाबामुळे पट्टीच्या कडांचे रेषे, म्हणजे लाकडाचे तंतूही चेपले. पुढच्या डिसेंबरला पट्ट्या आकसल्या की चेपलेली कड परत पूर्ण बाहेर येत नाही, लांबी सुटी पडलेली, आणि फट गेल्या वर्षीपेक्षा थोडी मोठी. दर वर्षीची दुरुस्ती पुढच्या वर्षीची फट तयार करते. माझ्या वहीत पहिल्या वर्षी सगळ्यात मोठ्या फटीत दोन कागद जात होते, तिसऱ्या वर्षी चार. हे लिहून ठेवलं नसतं तर मी अजूनही लांबीचा ब्रँड बदलत बसलो असतो.

आता तुमची फट याच जातीची आहे का ते आधी बघा, कारण सगळ्या फटींचं औषध एक नाही. पट्टीच्या लांबीला समांतर, हलभर पसरलेली, हिवाळ्यात किंवा एसीत उघडणारी आणि पावसात मिटणारी, ती ही. फक्त नाळेपाशी किंवा मागच्या टोकाला एखाद्या पट्टीचं टोक उचललं गेलं असेल, तर तो वळणाचा ताण आहे. पट्टी नीट वाकवली नव्हती, जबरदस्तीने दाबून सुपरग्लूने धरली, आणि सुपरग्लू ठिसूळ असल्याने एक दिवस तो सुटला. तिथे ऋतूचा संबंध नाही, ती पट्टी सोडवून परत वाकवूनच लावावी लागते. हलवर बरगड्या दिसत असतील, म्हणजे दोन बल्कहेडांच्या मध्ये पोट आत गेलेलं, तर बहुतेक बल्कहेडच्या कडा तिरक्या घासल्या नव्हत्या, किंवा मधल्या जागेत घासताना जास्त दाब पडला. आणि समोरून बघताना डोलकाठीच्या भोकातून घातलेली काठी कण्याच्या रेषेत नसेल तर कणाच पिळला गेलाय, त्याला माझ्याकडे उपाय नाही, तो पट्ट्या लावायच्या आधीच बघायचा असतो.

खात्री करायची असेल तर डिजिटल ह्युमिडिटी मीटर घ्या, स्वस्तात मिळतो. पण त्यावर आंधळा विश्वास नको, आधी तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, पाण्याचे थोडेच थेंब टाका म्हणजे मीठ विरघळणार नाही, चिखलासारखं होईल, आणि ते झाकण व मीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्के होते, हे मिठाचं ठरलेलं गणित आहे. माझा मीटर ७९ दाखवत होता, म्हणजे चार वजा करायचे. मग फटीत कागदाचे तुकडे घालून बघा, किती जातात ते आणि त्या दिवशीची आर्द्रता, दोन्ही लिहा, महिन्यातून एकदा. दोन-तीन नोंदीतच चित्र स्पष्ट होतं.

दुरुस्तीकडे येतो. पहिली गोष्ट, फट दिसली की लगेच हात लावू नका. मला माहिती आहे हे किती कठीण आहे, समोर शोकेसमध्ये आपली एवढी मेहनतीची बोट आणि तिच्यावर रेघ, बघवत नाही. पण आर्द्रता ५५ ते ६५ च्या मध्ये येईपर्यंत थांबा. आमच्या ठाण्यात हे साधारण नोव्हेंबरात असतं आणि परत फेब्रुवारी-मार्चला. हा वर्षभरातला मधला बिंदू आहे, इथे भरलेली फट पावसात थोडी दाबली जाते आणि हिवाळ्यात थोडी ताणली जाते, दोन्ही लाकडाला सोसण्यासारखं.

त्या दिवसात आधी जुनी लांबी काढा. मी हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा ग्राइंडरवर घासून त्याला आकड्यासारखं टोक केलं आणि सांध्यातून हलक्या हाताने ओढलं. लांबी सुटी झालेलीच असते, भुश्यासारखी निघते. दाबू नका, कड तुटते. एका बाजूला मला दोन संध्याकाळी लागल्या.

उरलेली फट एका कागदाइतकी किंवा कमी असेल तर भरूच नका. तिथे फक्त पातळ केलेला फेविकॉल सुईने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने सोडा आणि ओल्या फडक्याने पुसा. त्यापेक्षा मोठी असेल तर लांबी नको, लाकूड घाला. किटमधल्या उरलेल्या पट्टीची कड ब्लेडने कापून पाचरीसारखी बारीक सळी काढायची, एक बाजू पातळ, रेषे हलच्या पट्टीच्याच दिशेने, कोरडीच, फेविकॉल लावून फटीत सरकवायची, जोर न देता, बोटाने जाईल तेवढीच. सुकली की वरचा भाग ब्लेडने छाटून २४० नंबरच्या पेपरने घासायचा. लाकडाची सळी पट्टीबरोबर फुगते आणि पट्टीबरोबर आकसते, लांबी हे करू शकत नाही, सगळा फरक इथे आहे. माझ्या हलवर अशा ३१ सळ्या आहेत. रंग दिल्यावर एकही ओळखू येत नाही.

पट्टीच सोडवायची वेळ आली तर सांध्यावर कापसाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी फेविकॉल मऊ पडतो आणि पट्टी न तुटता निघते. हे लक्षात ठेवा, कारण याचाच पुढे धोका पण आहे.

आता सील करणं. हे मी पहिल्या वर्षी केलं असतं तर अर्धा त्रास झालाच नसता. आपण हल बाहेरून रंगवतो आणि आतून कोरं लाकूड तसंच सोडतो. ओल मग आतून येते-जाते, डेकवरच्या प्रत्येक भोकातून. शिवाय एक बाजू बंद आणि एक उघडी असल्याने पट्टी वाकायलाही बघते. नवीन बोट बांधत असाल तर डेक बसवायच्या आधी आतून सगळीकडे लाखेच्या पॉलिशचे दोन हात मारा. सुतार लोक वापरतात तेच, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. लाख हवेतली ओल अडवायला फार चांगली आहे, साध्या पाण्याच्या अॅक्रिलिक रंगापेक्षा किती तरी पटीने. जिथे हात पोचतो तिथे तीस मिनिटवालं इपॉक्सी अजून चांगलं, पण वजन आणि खर्च दोन्ही वाढतो, बासवूडच्या छोट्या बोटीला लाख पुरते.

बोट आधीच बंद झाली असेल, माझ्यासारखी, तर डेकवरचं मोठं झाकण काढून लांब दांड्याच्या, टोक वाकवलेल्या ब्रशने जमेल तेवढं आतून लावा, पातळ, एका वेळी थोडंसं, आणि दोन हातांमध्ये एक अख्खा दिवस जाऊ द्या. पॉलिश आत ओतून बोट फिरवायचा विचार करू नका. स्पिरिट पण अल्कोहोलच, वर सांगितलं तसं त्याने फेविकॉल मऊ पडतो, आत डबकं साचलं तर बल्कहेडचा जोडच सुटेल. मी आधी दोन तुकडे जोडून त्यावर चमचाभर पॉलिश ओतून बघितलं, वीस मिनिटांत जोड हाताने निघाला. ब्रशच्या पातळ हाताने काही झालं नाही. खिडकी उघडी ठेवा, गॅस-अगरबत्ती काही जवळ नको.

बाहेरून पण तसंच: घासणं, लाखेचे किंवा सँडिंग सीलरचे दोन-तीन हात, मध्ये ४०० नंबर पेपर, मग प्रायमर, मग रंग. कोऱ्या लाकडावर थेट पाण्याचा रंग मारू नका, त्याने रेषे उठतात आणि पट्ट्या परत ओल घेतात. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, सील केल्याने लाकडाचं हलणं बंद होत नाही, मंद होतं. पण ते मंद होणंच आपल्याला हवंय. एसी चार तास चालू आणि वीस तास बंद, असला झटपट चढउतार लाकडापर्यंत पोचतच नाही, फक्त मोठा ऋतुबदल हळूहळू पोचतो.

नवीन बोट सुरू करणाऱ्यांनी पट्ट्या लावायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. पावसाळ्यात करण्यासारखं खूप असतं, कणा आणि बल्कहेडं जोडा, कडा घासा, डोलकाठ्या तासा, छोट्या बोटी, नांगर, कप्प्या, सगळं करा. पावसातच पट्ट्या लावायच्या असतील तर प्लास्टिकचा मोठा झाकणाचा डबा घ्या, त्यात ओल शोषणारं सिलिका जेल आणि मीटर ठेवा, आतली आर्द्रता ६० च्या आसपास आणा आणि पट्ट्या तीन-चार दिवस आत ठेवून लागेल तशी एकेक बाहेर काढून लगेच चिकटवा. दीड मिमीची पट्टी पातळ असते, हवेशी एक-दोन दिवसात जुळवून घेते, आणि बाहेर काढल्यावर तेवढ्याच वेगाने परत ओलही घेते, म्हणून दहा पट्ट्या एकदम काढून ठेवू नका.

वाकवायची पट्टी भिजवा, हरकत नाही, पण ओली चिकटवू नका. भिजवून, वाकवून हलवर क्लिप आणि रबरबँडने धरून ठेवा, रात्रभर सुकू द्या, आकार राहतो, मग काढून डब्यात एक दिवस आणि मग फेविकॉल. काम मंदावतं खरं, मी आता दिवसाला दोन पट्ट्या लावतो, डावी-उजवी एकेक, कारण एका बाजूने सलग लावत गेलात तर कणा पिळतो. कमी वळण असेल तर पाणी लागतच नाही, पट्टी किंचित ओलसर करून गरम इस्त्रीच्या कडेवर ओढली तरी वाकते.

लाकूड निवडायला मिळत असेल तर त्यानेही फरक पडतो. बासवूडचं आकसणं ९ टक्के, अक्रोडाचं ८ च्या जवळ, महोगनीचं ४, सागवानाचं ६ च्या आत. सागवान शिवाय ओल सावकाश घेतो. हे वाचताना मला ट्रिंकोमली आठवली, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी सागवानात बांधलेली फ्रिगेट, १८१७ ची, आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगती आहे. दोनशे वर्षं. सागवानाची दीड मिमीची पट्टी मात्र वाकवायला फार कठीण आणि तेलकटपणामुळे चिकटायलाही नखरे करते, म्हणून मी फक्त डेकसाठी वापरली, हलसाठी तुम्हालाही बासवूडच बरं पडेल.

बोट ठेवायची कुठे? खिडकीच्या उन्हात नको, काळा रंग ऊन पितो, आणि एकच बाजू तापून सुकते. माझी डावी बाजू जास्त फाटली त्याचं अर्धं कारण ती बाल्कनीकडे होती. एसीच्या झोताखाली नको, बाथरूमच्या भिंतीला लागून नको. काचेची किंवा अॅक्रिलिकची पेटी करा, खालच्या बाजूला तीन-चार मिमीची चार भोकं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशीचा वास येतो आणि दोऱ्यांवर पांढरं धरतं. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या भरू नका. मी भरल्या होत्या, एका आठवड्यात आतली आर्द्रता ३२ वर गेली आणि जुलै महिन्यात, बाहेर धो धो पाऊस असताना, माझ्या बोटीवर जानेवारीची फट उघडली.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणाला मामा, आमच्याकडे तर हे अजून जास्त आहे. तिकडे हिवाळ्यात घरात हीटिंग चालू असतं, आर्द्रता २५-३० वर येते, आणि त्याची बोट फेब्रुवारीत सगळ्यात जास्त उघडते, उन्हाळ्यात मिटते. कॅनडा-अमेरिकेत असणाऱ्यांनी पट्ट्या त्यामुळे मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरात लावाव्या, आणि हिवाळ्यात खोलीत ह्युमिडिफायर चालवून ४० च्या खाली जाऊ देऊ नये. इथून तिकडे तयार बोट नेणार असाल तर ती इथे हिवाळ्यात बांधलेली आणि आत-बाहेर सील केलेलीच न्या.

दोऱ्या ढिल्या-घट्ट होण्याचं कारण पण हेच आहे. सुती दोरा पावसात आवळतो, हिवाळ्यात सैल पडतो, म्हणून जुलैत ताठ बांधलेली दोरी जानेवारीत लोंबते. पॉलिस्टरचा दोरा वापरा किंवा निदान ताण मधल्या ऋतूत द्या.

माझ्या ब्लूनोजची आत्ताची स्थिती: दुरुस्ती नोव्हेंबरात केली, त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा गेला. डावी बाजू साफ, उजवीकडे मधल्या भागात एक रेघ जानेवारीत दिसली, कागद जात नाही, नखाला जाणवत नाही, फक्त तिरक्या उजेडात दिसते. अजून एक मागे सुकाणूच्या वर आहे, तिथे ब्रश आतून पोचला नव्हता. तिच्यात अर्धा कागद जातो. मोह होतोय, पण मीटर आज ४६ दाखवतोय, तिला फेब्रुवारीच्या शेवटी बघणार.